नदीपर्यंतचा नील्स

आमचे पहिले पूर्वज या मुलखात पोचले त्या दिवसाची, चोवीस जुलैची मिरवणूक जवळ आली की थेन मिकेल्सन हातगाडीची चाकं काढतो आणि पाटात नेऊन बुडवतो. आमच्या विलो बेंड गावाची हवा इतकी कोरडी, की वर्षभर कोठारात पडून राहिलेलं लाकूड आक्रसतं, आरे खुळखुळायला लागतात आणि लोखंडी धाव चाकावरून निसटायला बघते. वाहत्या पाण्यात चाकं दोन-तीन रात्री राहिली की लाकूड फुगतं, आणि मग तीच धाव हातोडा मारला तरी जागची हलत नाही. हे थेनला त्याच्या वडलांनी शिकवलं, वडलांना आजोबांनी. थेनने आपल्या मुलाला, रीडला शिकवलं होतं. तो रीड गेल्या पानगळीत शेताच्या बांधावर ट्रॅक्टर उलटून गेला.

म्हणून यंदा पाटाकाठी थेन एकटाच होता. तोही उभाच, कारण वसंतात बदललेला गुडघा त्याला उकिडवं बसू देत नव्हता. शेजारचा ऑर्सन टकर खांद्यावर फावडं टाकून बांधाबांधाने आला आणि पाण्यातल्या चाकांकडे बघत राहिला. या दोघांची जमीन एका पाटावर आणि भांडणही एका पाटावर. दोन्ही वडिलोपार्जित.

"थेन, आज पाळी माझी आहे," ऑर्सन म्हणाला. "तुझी चाकं माझं पाणी पितायत."

"पिऊ देत. तुझ्या लसूणघासापेक्षा त्यांना जास्त गरज आहे."

"आणि ओढणार कोण? गुडघा तर नवा कोरा बसवून आणलायस. मी म्हणतो, सरळ माझ्या ट्रेलरवर चढव गाडी. वर खुर्ची टाकून बस आणि मिरवणुकीतल्या राणीसारखा हात हलव."

"राणी व्हायला तूच बरा. तेवढं पोट आत घेता आलं तर बघ."

ऑर्सन हसला, पण निघता निघता थांबला. "मस्करी नाही करत, थेन. डॉक्टरने काय सांगितलंय ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ट्रेलर उभाच आहे माझा."

 मिकेल्सनांची गाडी आजवर कधी ट्रेलरवर चढली नव्हती. तिला घोडा लावला नव्हता, मोटार लावली नव्हती. शाळेच्या पटांगणापासून मुख्य रस्त्याने, विलो ओढ्याचा पूल ओलांडून, चर्चच्या टेकडीपर्यंत ती मिकेल्सनांच्या रक्ताच्याच माणसाने ओढायची, हा घरचा नेम. थेनने ती ओढायला घेतली तेव्हा रीड पाळण्यात होता. रीड दांडगा झाला, बाप झाला, तरी थेन दरवर्षी म्हणायचा, एवढ्या वर्षी मी, पुढच्या वर्षी तू. ते पुढचं वर्ष आता आलं होतं. यंदाही गाडी आपल्या चाकांवर, आपल्या माणसाच्या हातांनी टेकडीवर गेली पाहिजे. ती ट्रेलरवर चढली की रीड खरोखर गेला, असं थेनच्या मनाने घेतलं होतं, आणि एकदा त्याच्या मनाने घेतलं की ते काढायला कुणाचे हात पोचत नसत.

मिकेल्सनांची गोष्ट चर्चमध्ये दरवर्षी सांगितली जाते आणि ती गावाला तोंडपाठ आहे. थेनची खापरपणजी मारेन, तिचा नवरा नील्स, नील्सचा म्हातारा बाप येन्स आणि लहानगा पीटर, अशी चार माणसं डेन्मार्कहून निघाली. बैल घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा हातगाडीवर पीठ, अंथरुणं आणि भांडी घालून ती आपल्या चर्चच्या लोकांबरोबर पश्चिमेकडची मैदानं तुडवत आली. निघायला उशीर झाला होता आणि हिवाळ्याने वाटेतच गाठलं. बर्फाचे तुकडे वाहून नेणाऱ्या नदीतून नील्सने दुसऱ्यांची पोरंबाळं खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवली, आणि पलीकडच्याच काठावर रात्रीत तो गेला. जमीन इतकी गोठलेली की खणता येईना. त्याला बर्फात ठेवून पुढे निघावं लागलं. येन्सचे पाय तोवर काळे पडले होते. मारेनने सासऱ्याला गाडीत बसवलं, पोर त्याच्या मांडीवर दिलं आणि स्वतः दांड्यांमध्ये शिरली. तिथून या खोऱ्यापर्यंत गाडी तिने ओढली.

आता इतकी गोष्ट तोंडपाठ, आणि मिरवणुकीत दरवर्षी काय दिसायचं? गाडी ओढतोय दाढीवाला नील्स, म्हणजे थेन. शेजारून झालरीची टोपी घातलेली मारेन, म्हणजे थेनची बायको आर्डा, लोकांना हात हलवत चाललीय. येन्स तर आजवर कुणी केलाच नाही. नुसतं बसून आलेल्या म्हाताऱ्याचं सोंग कोण घेणार? वर्षानुवर्षं हे असं चाललं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही माणसंच अशी. पूर्वजांवर इतका जीव, की त्यांच्याकडे नीट बघायचं राहून जातं.

एकदाच एकीने विचारलं होतं. रीडची बायको कोरीन तेव्हा घरात नवी होती. ती आयडाहोची, समुद्रापलीकडून आलेल्या बास्क मेंढपाळांची पोर, लग्नाच्या थोडं आधी आमच्या चर्चमध्ये आलेली. थेन आरशासमोर रबरी दोरीची खोटी दाढी कानांना अडकवत होता आणि ती दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, पण नील्स तर नदीवर गेला ना? मग पुलापलीकडे चढावर कोण ओढतं?"

"हा नदीपर्यंतचा नील्स," थेन म्हणाला.

"आणि पूल ओलांडल्यावर?"

"पूल ओलांडेपर्यंत लोक उधळलेल्या टॉफ्या गोळा करण्यात गुंतलेले असतात. कोण बघतंय?"

सगळे पोट धरून हसले. पुढे ती घरातली म्हणच झाली. कुणी काम अर्धवट टाकून उठलं की आर्डा म्हणायची, बसा, आले नदीपर्यंतचे नील्स.

गाडीत अस्सल जुनं म्हणजे फक्त दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी. पेटी आणि चाकं आजोबांनी नव्याने केलेली. माणसाने दांड्यांच्या मध्ये उभं राहायचं, आडवी दांडी पोटाशी धरायची आणि रेटत चालायचं. अडचण एकच, ही दांडी पेटीच्या फार जवळ आहे. थेनचं लांब पाऊल मागे गेलं की टाच पेटीवर आपटते. त्याच्या वडलांचीही आपटायची, आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळी मिकेल्सनांच्या घरी टाचांना मलम लावणं हा मिरवणुकीचाच भाग होता. दांड्यांच्या टोकांना, आडव्या दांडीच्या वीतभर पुढे, दोन्हीकडे एकेक रिकामं भोक आहे. वडील म्हणायचे, सुताराची चूक. नील्स आखूड पायांचा असणार, असं घरात कधीचं ठरून गेलं होतं.

तेवीस तारखेच्या संध्याकाळी कोरीन आपल्या लेकीला, छोट्या टेसला घेऊन सासरी आली. टेसच्या जुन्या पद्धतीच्या झग्याचा घेर उसवला होता. स्वयंपाकघरात आर्डाचे चीज घातलेले बटाटे भट्टीत होते, हिरवी जेली थरथरत टेबलावर आली होती. थेन खुर्चीवर पाय लांब करून गुडघ्याला पट्टा गुंडाळत होता. कोरीन सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "बाबा, यंदा मी ओढू का?"

"काय?"

"गाडी. रीडच्या जागी."

थेनचा हात पट्ट्यावर थांबला. मायेने विचारलेलं होतं हे त्याला कळलं, आणि कळूनही त्याच्या तोंडून भलतंच गेलं. "रीडच्या जागी कुणी नाही. आणि ही रक्ताची गोष्ट आहे, कोरीन. तुझ्याकडचं कुणी त्या वाटेने आलं नव्हतं."

 कोरीनने दोरा ओवला, गाठ मारली.

"नाही आलं," ती म्हणाली. "माझे आजोबा बोटीने आले. मग रेल्वेने. मग मेंढ्यांच्या मागे."

आर्डाने भट्टीतून भांडं काढलं आणि थेनच्या समोर आदळलं. "बटाटे कढत आहेत. तुझ्या जिभेला हाड नाहीच, निदान चटका तरी बसू दे."

जेवताना टेस एकटीच बोलत होती. थेनला माफी मागायची होती, पण ज्या घरात पुरुषांनी कधी मागितली नाही, तिथे ती सापडायला वेळ लागतो. कोरीन भांडी विसळून, टेसला पाठुंगळी घेऊन घरी गेली.

चोवीस तारखेला पहाटे टेकडीवरून तोफेचा बार झाला आणि गावातली कुत्री पलंगाखाली गेली. चर्चच्या हिरवळीवर अंडी आणि पॅनकेक निघायला लागले. मुख्य रस्त्याच्या कडेला लोकांनी आदल्या दिवशीच खुर्च्या आणि गोधड्या टाकून जागा धरल्या होत्या, कुणाच्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता. आधी घोड्यावरचा झेंडा गेला, सगळे छातीवर हात ठेवून उभे राहिले. मग कागदी झिरमिळ्या लावलेल्या पोरांच्या सायकली, ट्रेलरवर बसलेला शाळेचा बँड, जुने ट्रॅक्टर. त्यांच्यामागे मिकेल्सनांची हातगाडी, आणि सगळ्यात शेवटी आगीचा बंब.

थेनने लोकरी कोट घातला होता, दाढी लावली होती, डोक्यावर आजोबांची फेल्टची टोपी होती. गाडीत पिठाची खरी पोती होती. खोटं वजन ओढायचं तर घरी बसावं, असं त्याचं म्हणणं. पोत्यांवर टेस बसली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मूठमूठ टॉफ्या उधळत होती. आर्डा उजवीकडून चालत होती. डावीकडे, जिथे दरवर्षी रीड असायचा, तिथे निळ्या छिटाच्या झग्यात कोरीन होती. ती हात हलवत नव्हती.

शाळेपासून पुलापर्यंत रस्ता सपाट आहे. तेवढा थेनने छान काढला. टाचा आपटत होत्या, गुडघा कुरकुरत होता, पण लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या रीडसाठी आहेत हे त्याला कळत होतं. ऑर्सन टकर पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. डोक्याला बियाणांच्या दुकानाची टोपी. ही टोपी प्रार्थना सोडली तर कुठेही उतरत नसे.

"ट्रेलर अजून रिकामाच आहे, नील्स," तो ओरडला.

"तुझ्या डोक्यासारखा," थेन म्हणाला, आणि पूल ओलांडला.

पुलानंतर चढ लागतो. मोटारीने जाणाऱ्याला तो जाणवतही नाही. थेनने दांडी पोटाशी घेतली, पुढे वाकला, उजवा पाय रोवला, डावा टाकला, आणि नव्या गुडघ्याने साफ नकार दिला. पाय दुमडला. थेन दांडीला लोंबकळला, दांडी त्याच्या वजनाने खाली गेली, मग हातांतून सुटली, आणि पिठाच्या पोत्यांसकट, टेससकट गाडी मागे सरकू लागली.

मग जे झालं ते सांगायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात झालं. कोरीनने चाकाच्या आऱ्यांत दोन्ही हात घातले आणि खांदा धावेला लावला. आर्डाने, हिने मागच्या वर्षीच सत्तरी ओलांडलेली, मागून एक पोतं खेचून चाकाखाली लोटलं. पोतं फुटलं, पीठ रस्त्यावर सांडलं आणि गाडी थांबली. टेसच्या हातात टॉफ्यांची पिशवी तशीच होती.

माणसं धावली. थेन रस्त्यावर बसला होता, टोपी तिरपी, दाढी एका कानाला लोंबणारी. दुखत होतं, पण मेलं दुखणं परवडलं. सगळ्या गावासमोर खाली बसायची लाज त्याला सोसवेना. ऑर्सन धापा टाकत आला.

"मोडलंय काही?"

"नाही. पण उभं राहवत नाहीये."

"मग झालं. मी पिकअप आणतो. तुला पुढे बसवतो, गाडी ट्रेलरवर घेऊ. त्यात कसली लाज, थेन, वय झालंय आपलं."

थेनने मान खाली घातली. तोंडाने हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात कोरीन बोलली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता, एका तळहाताला आऱ्याची ढलपी लागून रक्त येत होतं.

"बाबा गाडीत बसतील," ती म्हणाली.

"म्हणजे पिकअपमध्येच ना," ऑर्सन म्हणाला.

"हातगाडीत. मारेनने येन्सला वाटेत सोडलं नव्हतं."

 थेनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. टेसला उतरवून घेत होती, उरलेली पोती खाली ठेवत होती.

"कोरीन, मी जड आहे गं."

"माहीत आहे मला. गुडघ्याच्या वेळी दवाखान्यात उचललंय तुम्हाला."

"थेन," आर्डा म्हणाली, "आयुष्यात एकदा सांगितलेलं ऐक. बस."

ऑर्सनने आणि दुसऱ्या कुणी तरी त्याला बगलेत धरून गाडीत चढवलं. त्याची पाठ पेटीच्या मागच्या फळीला टेकली, पाय पुढे लांब झाले. टेसला आर्डाने उचलून त्याच्या मांडीवर दिलं. कोरीन दांड्यांच्या मध्ये शिरली.

आमच्याकडे तीन-चार वर्षांनी एकदा गावातली तरुण पोरं-पोरी हातगाड्या घेऊन डोंगरात जातात, पूर्वजांचं चालणं स्वतःच्या पायांनी कळावं म्हणून. तिथे एका चढाच्या पायथ्याशी सगळ्या पुरुषांना बाजूला काढतात. वाटेत नवरा गमावलेल्या बायकांच्या आठवणीसाठी पोरी एकट्या गाड्या ओढतात. पुरुषांनी वाटेच्या दोन्ही अंगांना उभं राहायचं, टोप्या काढायच्या, बोलायचं नाही, आणि काही झालं तरी हात लावायचा नाही. एवढंच काम. पण ते करताना भल्याभल्यांचे चेहरे पडतात. थेन त्या रांगेत कितीदा तरी उभा राहिला होता आणि दर खेपेला रडला होता. घरी येऊन पुढच्या चोवीस तारखेला मात्र पुन्हा दाढी लावून हाच दांड्यांमध्ये.

कोरीनने दांडी पोटाशी घेतली आणि रेटली. गाडी हलली नाही. तिने पाय बदलला, पुन्हा रेटली. ऑर्सन नकळत पुढे झाला. त्याचा हात चाकापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग तो एक पाऊल मागे सरला, रस्त्याच्या कडेला गेला, आणि त्याने ती बियाणांच्या दुकानाची टोपी डोक्यावरून काढली.

त्याच्या शेजारच्याने काढली. मग समोरच्या अंगाला कुणी काढली. बघता बघता चर्चपर्यंतच्या सगळ्या चढावर, दोन्ही बाजूंना, पुरुष खुर्च्या सोडून उभे राहिले आणि टोप्या छातीशी आल्या. पोरांनी रस्त्यातल्या टॉफ्या उचलायच्या थांबवल्या. पुढे गेलेल्या बँडला कुणी तरी खूण केली असावी, तोही थांबला. मागे बंबाने घंटा बंद केली. मिरवणुकीच्या दिवशी, भर सकाळी, आमच्या मुख्य रस्त्यावर ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

आर्डा गाडीच्या मागे गेली आणि तिने फळीला दोन्ही हात लावले. रस्त्याच्या कडेची एक बाई उठली, तिच्यामागून दुसरी. पॅनकेकच्या पिठाचे हात एप्रनला पुसत कुणी आली, डोक्याला मिरवणुकीच्या राणीचा मुकुट लावलेली शाळेतली पोर ट्रॅक्टरवरून उतरून आली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. गाडी हलली आणि चढायला लागली.

थेनला त्या बायका दिसत नव्हत्या. गाडीत बसलेल्या माणसाला पुढचंच दिसतं. त्याला दिसत होती कोरीनची पाठ. छिटाचा झगा घामाने पाठीला चिकटला होता, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताणल्या होत्या, टोपीची नाडी सुटून खांद्यावर पडली होती. प्रत्येक पावलाला ती पाठ पुढे वाकायची, थरथरायची, आणि पुन्हा वाकायची. इतक्या वर्षांत त्याने ही गोष्ट किती जणांना सांगितली होती. मारेनचं धैर्य, मारेनची श्रद्धा. मारेनची पाठ त्याला कधी दिसली नव्हती. ती पाहिली होती एकट्या येन्सने. मुलाला बर्फात ठेवून आलेला तो म्हातारा, नातू मांडीवर, आणि डोळ्यांसमोर दिवसचे दिवस ही पाठ. तो काय बोलला असेल तिला? गोष्टीत येन्सला एकही वाक्य नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग थेनचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पाऊल मागे जात होतं, टाच पेटीपर्यंत येत होती आणि आपटता आपटता राहून पुढे जात होती. दर पावलाला तसंच. त्याने तिच्या टाचांवरून नजर उचलून दांडीकडे पाहिलं, दांडीवरून पुढच्या त्या दोन रिकाम्या भोकांकडे. दांडी आधी तिथे होती. लांब पायांच्या पुरुषासाठी ती तिथेच असायला हवी. मग कुणी तरी ती तिथून काढली, थंडीत, बोटं वळत नसताना, आणि वीतभर मागे आणून आपल्या पावलाच्या मापाने बसवली. सुताराची चूक नव्हती. नील्स आखूड पायांचा नव्हता. तीन पिढ्या मिकेल्सनांनी टाचांना मलम लावलं, आणि दांडी कोणाच्या मापाची आहे हे एकाही शहाण्याला कळलं नाही.

आणि रक्त. मिकेल्सनांचं रक्त तर नदीकाठी बर्फात राहिलं होतं, आणि उरलेलं गाडीत बसलं होतं. ओढणारी दुसऱ्या घरातून आलेली होती. ती आली नसती तर थेन आज कुणावर गुर्मी करायला शिल्लकच नव्हता.

 छातीत काही तरी इतकं मोठं भरून आलं, की त्याला वाटलं आता गाडीचं वजन वाढणार. रीड आठवला. चाकं पाण्यात बुडवताना मागे उभा राहून शीळ घालणारा. आजवर तो आठवला की थेनला राग यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. आत्ता राग आला नाही. त्याने लोंबणारी दाढी कानावरून काढली आणि खिशात घातली. मग आजोबांची फेल्टची टोपी काढून टेसच्या मांडीवर ठेवली.

"आजोबा, तुम्ही का काढलीत?" टेसने हळू विचारलं. "तुम्ही तर बसलाय."

"बसलेल्यानेही काढायची असते, बाळा," तो म्हणाला.

टेकडीच्या माथ्यावर, झाडाखाली, मिरवणुकीची प्रमुख लारू ऑलरेड माइक घेऊन बसते. समोरून जे जाईल त्याचं नाव घेते. मिकेल्सनांची गाडी आली की तिला कागद लागत नाही. नील्स मिकेल्सन यांची हातगाडी, ओढणारे त्यांचे वंशज थेन मिकेल्सन, एवढं ती झोपेतही म्हणेल. आज गाडी समोर येऊन थांबली आणि लारूने माइक तोंडापाशी नेऊन परत खाली घेतला. ती थेनकडे बघायला लागली.

"काय म्हणू, ब्रदर मिकेल्सन?"

थेनने घसा साफ केला. "मारेनची हातगाडी म्हण."

लारूने ते म्हटलं. टेकडीवरच्या दोन्ही भोंग्यांतून ते खाली पुलापर्यंत गेलं.

"ओढणारी कोरीन मिकेल्सन. तिची सून म्हण. मारेनची सून."

लारूने तेही म्हटलं. तिचा आवाज जरा चिरकला. मग तिने माइक बाजूला धरून विचारलं, "आणि आत?"

"आत येन्स," थेन म्हणाला. "त्याला काही तरी बोलायचं होतं, ते राहून गेलंय."

कोरीनने दांडी खाली टेकवली. ती दांड्यांमधून बाहेर आली, पेटीच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. श्वास लागला होता. तळहाताचं रक्त आणि पीठ मिळून लगदा झाला होता. मागे बंबाची घंटा पुन्हा सुरू झाली, पोरं पुन्हा टॉफ्यांवर पडली, बायका आपापल्या पॅनकेककडे वळल्या.

"काल मी जे बोललो," थेन म्हणाला, "ते खोटं होतं, कोरीन. मला माफ कर."

कोरीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. रीड गेल्यापासून ती सासऱ्यासमोर रडली नव्हती. आता रडली, आवाज न करता, उलट्या हाताने डोळे पुसत. मग तिने दांडीकडे मान वळवली.

"बाबा, एक सांगू? मला वाटलं होतं माझ्याही टाचा फुटणार. रीड सांगायचा ना, लहानपणी तुम्हाला मलम लावून द्यायचा म्हणून. एकदाही लागली नाही. ही दांडी कुणी बसवली?"

थेनने तिचा पिठाने भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझ्या घरच्या बाईने," तो म्हणाला.